हिवाळी पट्टकदंबांच्या जुन्या मोजण्या दुरुस्त कराव्यात का? मदत हवी आहे

नमस्कार,

जायकवाडीच्या नाथसागराच्या फुगवट्यावर उतरणाऱ्या पट्टकदंब हंसांची मोजणी आम्ही तिघे जण गेले तीन हिवाळे हौसेने करत आहोत. थवा मार्चअखेर उत्तरेकडे परतला असून नवे पक्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरशिवाय येणार नाहीत. या मोकळ्या महिन्यांत वह्यांतील नोंदी संगणकावर चढवायला बसलो, तेव्हा आमचीच एक गफलत ध्यानात आली.

आम्ही दर वेळी एकाच उंचवट्यावरून मोजत होतो, पाणी मात्र एका जागी नव्हते. जलाशय समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांपर्यंत, म्हणजे पूर्ण, भरलेला असतो तेव्हा काठ जवळ असतो. पाणी ओसरू लागले की गाळपेरीची जमीन उघडी पडते, तिच्यावर हरभरा-गहू उभा राहतो आणि हंस कोवळ्या पिकाच्या व काठच्या गवताच्या मागे दूर सरकत जातात. त्यामुळे फेब्रुवारीतील घट खरी होती, की थवा केवळ दुर्बिणीच्या टप्प्याबाहेर गेला होता, हे वहीवरून कळत नाही. धरणाची रोजची पाणीपातळी जाहीर होते, ती प्रत्येक मोजणीच्या तारखेसमोर मांडली आहे. तिच्या आधारे जुने आकडे दुरुस्त करता येतील का, की ‘काठ दूर, मोजणी अपुरी’ असा शेरा लिहून ते जसेच्या तसे ठेवावेत? माझा कल शेऱ्याकडे आहे. सहकाऱ्यांना ती पळवाट वाटते.

दुसरा प्रश्न छायाचित्रांचा आहे. प्रौढ पट्टकदंबाच्या डोक्यावर असतात ते दोन काळे पट्टे कोवळ्या पिलांच्या डोक्यावर ठसठशीत नसतात, म्हणून थव्यातील पिलांचे प्रमाण जुन्या छायाचित्रांवरून काढण्याचा विचार आहे. देखणे पक्षी निवडून टिपण्याची खोड मला असल्याने जवळून घेतलेली छायाचित्रे मी बाजूला काढली आहेत. उरलेल्यांपैकी कोणत्या महिन्यापर्यंतची विश्वासार्ह धरावीत?

एका हंसाच्या गळ्यात, मंगोलियात अभ्यासक ओळखीसाठी घालतात तसा, सांकेतिक अक्षरांचा पट्टाही दिसला होता. त्यावरील एक अक्षर धूसर आहे. असे अर्धवट वाचन कळवावे काय?

पाऊस लागून जलाशय पुन्हा भरण्यापूर्वी उघड्या काठावर फिरून मोजणीच्या आणखी दोन जागा ठरवायच्या आहेत. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाल्यास आभारी राहीन.