हळद आणि कर्करोगाच्या बातम्या कशा पडताळाव्यात? मदत हवी आहे

नमस्कार. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ असल्यामुळे ‘हळदीने कर्करोग बरा होतो’ अशी बातमी छापून आली की तिचे कात्रण इथे लगेच हातोहात फिरते. मूळ प्रयोग बहुधा प्रयोगशाळेतील पेशींवर किंवा उंदरांवर झालेला असतो, आणि हळदीत जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास असणारे कर्क्युमिन (ज्याला औषधी गुणांचे श्रेय दिले जाते तो हळदीतील पिवळा घटक) पोटातून रक्तात फारच कमी शोषले जाते, याचा उल्लेख बातमीत क्वचितच असतो. मथळा मात्र ठळक असतो. आमच्या नात्यातील एक रुग्ण अशा बातम्या वाचून चालू उपचार थांबवण्याच्या विचारात आहेत. माणसांवरील चाचण्यांची नोंद सीटीआरआय या भारतीय नोंदणी संकेतस्थळावर कशी शोधावी, आणि ती सापडल्यास चाचणीचा टप्पा व रुग्णसंख्या पाहून तिला किती महत्त्व द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.