परदेशी विद्यापीठात शिकायचे ठरवताना : प्रवेशाआधीच्या वर्षाचे अनुभव

परदेशात शिकून आलेल्यांना तिथल्या वास्तव्याबद्दल सगळे विचारतात. पण प्रवेश मिळण्याआधीचे वर्ष-दीड वर्ष माहिती चाळण्यात, पत्रे लिहिण्यात आणि पैशांची जुळवाजुळव करण्यात जाते, त्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. या धाग्यात कृपया तेवढ्याच काळाबद्दल लिहावे. सुरुवात कुठून केली आणि कोणती गोष्ट वेळेत केल्यामुळे पुढचे सोपे झाले, हे सविस्तर आले तर आज याच टप्प्यावर असलेल्यांना मोठा आधार होईल. पहिला अनुभव माझाच देते.

रसायनशास्त्र, पीएच.डी., अमेरिका

मी सुरुवात विद्यापीठांच्या क्रमवारीपासून केली नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षात जे शोधनिबंध मनापासून आवडले होते, त्यांचे लेखक कोणत्या विभागात काम करतात याची एक वही केली आणि त्या वहीतूनच माझी यादी तयार झाली. अमेरिकेत विज्ञान शाखांमध्ये पदवीनंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, आणि बहुतेक विभाग अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून काम देऊन शिक्षणशुल्क माफ करतात व विद्यावेतनही देतात, हे कळल्यावर पैशांचा प्रश्नच बदलला.

त्यानंतर मी तारखा उलट्या क्रमाने मांडल्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी अर्जाची मुदत साधारण आदल्या डिसेंबरमध्ये असते, म्हणजे शिफारसपत्रांची विनंती सप्टेंबरपर्यंत जायला हवी आणि भाषेची परीक्षा त्याआधी व्हायला हवी. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षे ग्राह्य धरले जातात, जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या सामान्य क्षमता परीक्षेचे पाच वर्षे. शिवाय अनेक विभागांनी जीआरईची अट काढून टाकली आहे, त्यामुळे तयारीला लागण्याआधी आपल्या यादीतील प्रत्येक विभागाचे पान वाचावे. शिफारस देणाऱ्या प्राध्यापकांना मी विभागांची नावे, मुदती आणि त्यांच्याकडे मी केलेले काम असे एका कागदावर लिहून दिले. त्यांच्या पत्रांत प्रयोगशाळेतील नेमके प्रसंग आले, याचे श्रेय मी त्या कागदाला देते. आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करायची नाही, असा तिथल्या बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेला ठराव आहे. तो माहीत असल्यामुळे निर्णय शांतपणे घेता आला.

यंत्र अभियांत्रिकी, एम.एस्सी., जर्मनी

जर्मनीतील शिक्षण मोफत असते, हे वाक्य थोडे नेमके करायला हवे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, फक्त सत्रशुल्क भरावे लागते. परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता अशा विद्यार्थ्यांसाठी शुल्क सुरू केले आहे. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षभराचा निर्वाहखर्च आधी दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. ते पैसे आपलेच असतात आणि तिथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो हाती येतात, पण ते एकरकमी उभे करायचे असतात. म्हणून घरच्यांशी हा विषय अर्ज भरण्याआधीच बोलावा.

माझा सर्वाधिक वेळ मात्र विषय जुळवण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला असे मी ठामपणे म्हणेन. तिथले विभाग एकूण टक्केवारीइतकेच, कधी कधी त्याहून अधिक, कोणत्या विषयाचे किती क्रेडिट पूर्ण झाले आहेत याकडे पाहतात. डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम निवडल्यावर मी प्रत्येक विभागाच्या अटी आणि माझा पदवीचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून गणित, यांत्रिकी, उष्मागतिकी असे एकेक विषय पडताळले. यादी बरीच लहान झाली. उरलेले अर्ज मात्र निर्धास्तपणे करता आले. हिवाळी सत्रासाठी १५ जुलै ही मुदत बऱ्याच ठिकाणी ऐकू येते, पण परदेशी अर्जदारांसाठी ती पुष्कळदा आधीची असते, आणि ‘युनि-असिस्ट’ या परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज असेल तर कागदपत्रे तपासायलाही काही आठवडे जातात.

सार्वजनिक आरोग्य, एक वर्षाची पदव्युत्तर पदवी, ब्रिटन

मी नोकरीत असताना ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. तिला किमान दोन वर्षांच्या, म्हणजे २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि विद्यापीठाचा अर्ज या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एक झाला म्हणजे दुसरा होत नाही. स्वखर्चाने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वेगळा भरावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी तो सध्या वर्षाला ७७६ पौंड आहे.

पालक, मुलगी कॅनडात शिकते

वरच्या तिघांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहिले आहे, मी घरच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे ओळखीतल्या लोकांकडून आलेली माहिती पुष्कळ होती आणि ती प्रेमाने दिलेली होती, तरी प्रत्येक आकडा आम्ही सरकारी पानावर पुन्हा पाहिला. निर्वाहखर्चासाठी दाखवायची रक्कम २०२३ अखेरपर्यंत १०,००० कॅनेडियन डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. शिक्षणशुल्क आणि प्रवासखर्च यांत धरलेला नाही. चार वर्षांपूर्वी गेलेल्याचा सल्ला इतर बाबतींत मोलाचा असतो, पण पैशांच्या बाबतीत तो जुना झालेला असतो.

सल्लागारांविषयी एवढेच सांगतो की अनेकांना विद्यापीठांकडून प्रत्येक प्रवेशामागे मोबदला मिळतो. आम्ही ज्यांच्याकडे गेलो होतो त्यांना हे सरळ विचारले आणि त्यांनी सरळ सांगितले, त्यामुळे त्यांची यादी कशी वाचायची हे आम्हाला कळले.

इरॅस्मस मुंडस, दोन देशांतील संयुक्त पदवी

ज्यांना एकच देश निवडणे कठीण जाते, त्यांनी युरोपीय संघाच्या साहाय्याने चालणारे हे अभ्यासक्रम जरूर पाहावेत. शिष्यवृत्ती मिळाल्यास शुल्क भरावे लागत नाही आणि दरमहा १,४०० युरो मिळतात. प्रवास, व्हिसा, राहणे हे सगळे त्यातूनच भागवायचे असते. अर्ज बहुधा ऑक्टोबर ते जानेवारी या काळात मागवले जातात आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातही अर्ज करता येतो.

एसओपी, म्हणजे अर्जासोबतचे उद्देशपत्र, लिहिताना मी लहानपणापासूनची आवड वगैरे काही लिहिले नाही. कोणता प्रश्न सोडवायचा आहे, त्यासाठी आजवर काय केले आणि याच अभ्यासक्रमातील कोणते विषय त्याला उपयोगी पडतील, एवढेच मांडले. तो मजकूर मी माझ्या विषयाबाहेरच्या एका वाचकाला दिला आणि जिथे तो अडखळला तिथे पुन्हा लिहिला.

एक बाब कोणी लिहिलेली नाही म्हणून जोडतो. पासपोर्ट, गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र आणि भाषेच्या परीक्षेची नोंदणी या सर्वांवरचे नाव अक्षरशः सारखे आहे का, हे यादी करण्याच्याही आधी पाहावे. फरक असेल तर दुरुस्तीला कित्येक आठवडे जाऊ शकतात, आणि ते काम इतर कशावरही अवलंबून नसल्यामुळे आजच सुरू करता येते.