मदत हवी आहे: माळवदाच्या घरात भूकंप आला तर टेबलाखाली बसायचं की अंगणात पळायचं?

प्रश्न वर लिहिलाय तोच, पण मागचं थोडं सांगावं लागेल.

गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गणपती बुडवून लोक नुकतेच निजले होते. दोन-तीन फूट रुंद दगडमातीच्या भिंती, वर मातीचा जाड थर, म्हणजेच माळवद. माणसं त्याखालीच गेली. तेव्हापासून आमच्या घरात एकच नियम: हाललं की बाहेर. आई अजूनही भांडं वाजलं तरी आधी दाराकडं बघते.

मध्यंतरी मैत्रिणीकडं जपानला गेले होते, टोकियोशेजारी चिबात. पोरगी लातूरचीच. एका रात्री दोघींचे फोन भूकंपाच्या सूचनेनं एकदमच कोकलायला लागले. मी अंथरुणातून थेट दाराकडं. तिनं दंडाला धरून मला जेवणाच्या टेबलाखाली ओढलं. "अगं पळू नको, इथं घर पडत नाही, कपाट पडतं!" तेवढ्यात इमारत डोलायला लागली. टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरून मी आईचं नाव घेत होते. थांबल्यावर तिनं उशाजवळच्या सपाता पायात सरकवल्या (काचा फुटलेल्या असतात म्हणून), टीव्हीवर त्यांच्या ० ते ७ च्या मोजपट्टीवर ४ आकडा बघितला आणि बाई चक्क झोपल्या! मला काही डोळा लागला नाही.

तिचं म्हणणं तिथं खरंच आहे. १९८१ पासून त्यांचे बांधकामाचे नियम कडक झाले, त्यामुळं धोका घरापेक्षा अंगावर पडणाऱ्या सामानाचा. पण आमचं काय? पुढं स्लॅब आहे, मागच्या खोल्या अजून माळवदाच्या, आणि आई नेमकी तिथंच झोपते, गार लागतं म्हणून. ती भिंत आली तर टेबल काय करणार? आणि गुडघे धरलेली बाई अंधारात पळणार तरी किती?

भूकंपानंतर सांगायचे की वरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा, माथ्याला काँक्रीटचा पट्टा फिरवा. असं कुणी खरंच करून घेतलंय का? लातूर-धाराशिवकडं हे जमणारा गवंडी मिळतो का, की पाडून बांधलेलंच बरं? तोवर आईची खाट स्लॅबखाली हलवायचं मी ठरवलंय. ती ऐकेल तेव्हा खरं.

दुसरं, अँड्रॉइड फोनवर २०२३ पासून आपल्याकडंही भूकंपाची सूचना येते म्हणतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडं ४.५ चा धक्का बसला, तेव्हा नांदेड-परभणीत कुणाचा फोन आधी वाजला होता का? केंद्र अगदी पायाखालीच असेल तर सूचनेला वेळच उरत नाही, हे माहीत आहे. लांबच्या गावांचं विचारतेय.

भिंतींचे फोटो हवे असतील तर टाकते. "मरण कुणाला चुकलंय" हे मात्र कृपया लिहू नका, ते आई रोज ऐकवते.