नायलॉन मांजाविरुद्धची मोहीम पक्षीप्रेमींच्या बाहेर कशी न्यायची?

गोदाकाठ
नाशिकमध्ये संक्रांतीआधी नायलॉन मांजाविरुद्ध ऑनलाइन मोहीम करायची आहे. स्वयंसेवक सहा, जाहिरातीला पंधरा हजार रुपये. अडचण अशी की जखमी घारीचा फोटो टाकला की हळहळणारे तेच तेच लोक येतात, जे मुळात मांजा वापरतच नाहीत. गच्चीवरची पोरं आणि त्यांच्या हातात पैसे ठेवणारे आईबाप यांच्यापर्यंत कसं पोहोचायचं? आणि मोहीम चालली की नाही हे लाइक सोडून कशावरून ओळखायचं?

पेचवाला
आधी तारीख. बहुतेक मोहिमांना 10 जानेवारीला जाग येते, तोवर चक्र्या भरून झालेल्या असतात. पालकांसाठीचे मेसेज नोव्हेंबरच्या शेवटी सुरू करा, म्हणजे पहिली चक्री विकत घेण्याआधी. डिसेंबरमध्ये सुती दोरा कुठे मिळतो त्या दुकानांची वॉर्डवार यादी फिरवा. ‘नायलॉन नको’ एवढंच सांगून पोराला पर्याय दिला नाही, तर तो गल्लीतल्या दादाकडूनच घेणार.

आता भाषा. ‘पक्ष्यांसाठी पतंग उडवू नका’ हे वाक्य विसरा. ते सणावरचा हल्ला वाटतं, आणि मग कॉमेंटमध्ये इतर सणांचा हिशेब निघतो, मांजा राहतो बाजूला. पतंगवाल्याशी पतंगावरच बोला. नायलॉनला ढील कधी द्यायची, खेच कधी मारायची हे कळावंच लागत नाही, नुसत्या ताकदीवर समोरचा कटतो. ‘नायलॉनवर काटला तर तो पेच कसला?’ हे पंधरा वर्षांच्या पोराला लागतं. येवल्याची आसारी (तिथली खास चक्री) तुमच्याच जिल्ह्यातली. जुना खेळाडू सुती दोऱ्यावर पेच घेतोय असा 20-25 सेकंदांचा उभा व्हिडिओ करा. पहिल्या दोन सेकंदांत पेच दिसलाच पाहिजे, आणि शब्द पडद्यावर मराठीत हवेत, कारण पुष्कळ जण आवाज बंद ठेवूनच बघतात.

मागणी नेमकी ‘साधा सुती दोरा’ अशीच लिहा. राष्ट्रीय हरित लवादाचा 11 जुलै 2017 चा बंदीचा आदेश नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांवर आहे. पण काचेची पूड लावलेला सुती मांजाही पंख कापतोच.

खिडकीतली_चिमणी
फोटोबद्दल. उघड्या जखमेचा फोटो टाकला की त्यावर पडदा येतो, जाहिरात नाकारली जाते, आणि घरच्या ग्रुपवर तो कुणी पुढे पाठवत नाही. त्याऐवजी पिंपळात अडकलेला मांजाचा गुंता दाखवा, किंवा बरी होऊन उडणारी घार. वेळेची विनंती मात्र जरूर ठेवा: सकाळी 8 पर्यंत आणि संध्याकाळी 5 नंतर पतंग खाली. पक्ष्यांची ये-जा तेव्हाच जास्त असते आणि ही गोष्ट मान्य करायला कुणाला जड जात नाही.

दुचाकीस्वारांचे गळे चिरल्याच्या बातम्या वापराव्या का, हा प्रश्न येईलच. वापरा, पण जपून. त्या धास्तीने लोक गळ्याला मफलर गुंडाळतात, गाडीला तारेची कमान बसवतात, आणि मांजा तिथेच राहतो. गळ्याची गोष्ट सांगितली की लगेच खाली ‘तुमच्या गच्चीवर आज कोणता दोरा आहे ते बघा’ हे हवंच.

12 जानेवारीपासून एकच चित्र सगळीकडे: पक्षी अडकला तर मांजा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका. गुजरातचं जखमी पक्षी वाचवण्याचं करुणा अभियान दरवर्षी 10 ते 20 जानेवारी चालतं. ठरलेल्या तारखा लोकांच्या लक्षात राहतात, तसंच करा. वनखात्याचा 1926 आणि पशुवैद्यकीय सेवेचा 1962 हे क्रमांक छापण्याआधी स्वतः फिरवून पाहा, तुमच्या भागात प्रत्यक्ष कोण येतं ते विचारून घ्या.

आकडेमोड
पैशांचं. पंधरापैकी आठ हजार जाहिरातीला, सात हजारांचा सुती दोरा (का ते खाली). फेसबुक-इन्स्टाग्रामवर अठराखालच्या मुलांना आवडीनिवडीनुसार निवडता येत नाही, म्हणून जाहिरात 28 ते 50 वयाच्या पालकांना, नाशिकपुरती. मजकुरात ‘बंदी’, ‘कायदा’, ‘प्रशासन’ आलं तर ती सामाजिक मुद्द्यांच्या वर्गात पडू शकते. मग ओळखपत्राची पडताळणी आणि ‘पैसे कोणी दिले’ हा उल्लेख लागतो. हे काम डिसेंबरच्या सुरुवातीलाच उरका, ऐन आठवड्यात जाहिरात अडकली की सगळं मुसळ केरात.

खरं काम व्हॉट्सॲपवर. तिथे चूक ठरलेली: एकच मेसेज सगळे फॉरवर्ड करतात. त्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड’ असा शिक्का बसतो, पुढे तो एका वेळी एकाच चॅटमध्ये जातो आणि लोक अफवा समजून सोडून देतात. प्रत्येक स्वयंसेवकाने आपल्या शब्दांत नव्याने टाइप करावं. ब्रॉडकास्ट यादीवर विसंबू नका, 256 ची मर्यादा आहे आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. सगळ्यात उपयोगी म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीच्या नावाने दोन ओळी: ‘आपल्या गच्चीवर साधा सुती दोराच चालेल. चक्री वर नेताना दाखवावी.’ ऑनलाइन शपथेच्या प्रमाणपत्राला मी शून्य गुण देतो.

मोजायचं तर ‘चक्री बदला’ ठेवा: नायलॉनची चक्री आणा, सुती दोरा घेऊन जा. जमलेला मांजा वॉर्डवार काट्यावर तोला, कात्रीने बारीक करा, कचऱ्यात तसाच टाकू नका. दुसरा आकडा, किती सोसायट्यांनी नोटीस लावली. जखमी पक्ष्यांच्या फोनवरून यश मोजू नका. क्रमांक माहीत झाल्यावर पहिल्या वर्षी फोन वाढतातच.

विक्रेत्याचं नाव किंवा त्याचा सांकेतिक शब्द पोस्ट करू नका. बदनामीचा दावा राहिला दूर, ती त्याची फुकट जाहिरात होते. तारखेसह स्क्रीनशॉट आणि लिंक थेट पोलिसांकडे.

गोदाकाठ
सोसायटीची नोटीस आणि चक्री बदला, दोन्ही ठरलं. 15 तारखेनंतर काय?

खिडकीतली_चिमणी
झाडांवरचा मांजा. तो महिनोन्‌महिने लटकतो. ‘तुमच्या गल्लीतलं झाड आणि पत्ता पाठवा’ एवढीच पोस्ट करा, यादी महापालिकेच्या उद्यान विभागाला द्या. विजेच्या तारांजवळचा गुंता असेल तर तो महावितरणला कळवा. तिथे बांबू घेऊन कुणालाही पाठवू नका.