वायकिंग बदनाम झाले ते भिक्षूंच्या लेखणीमुळे?

अडाणी_अभ्यासक
वायकिंग (स्कँडिनेव्हियाचे दर्यावर्दी) म्हटलं की शिंगांचं शिरस्त्राण (ती शिंगं १९व्या शतकातल्या ऑपेराच्या कपडेपटातली, पण ते असो), हातात कुऱ्हाड आणि मागे जळणारा मठ. हे चित्र कुणी काढलं? त्या काळी पश्चिम युरोपात लिहिता येणारे बहुतेक लोक चर्चच्या पदरी, आणि लुटला गेला तोही चर्चच. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, निकाल लिहिणाराही तोच!

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटला गेला ८ जून ७९३ला. त्याच्या ११ वर्षं आधी फ्रँकांचा राजा शार्लमेन याने जर्मनीतल्या व्हर्डनला एका दिवसात ४,५०० सॅक्सन (तिथले मूर्तिपूजक टोळीवाले) कापून काढले. वर सॅक्सनांसाठी कायदा केला: बाप्तिस्मा टाळला तर देहदंड, धर्माला न जुमानता लेंटच्या उपासात मांस खाल्लं तरी देहदंड. ८००च्या नाताळात पोपने याच माणसाच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला. चांदी पळवणारा रानटी आणि हा सम्राट? वायकिंग बाकीच्या राजांपेक्षा वाईट नव्हते, त्यांची बाजू लिहिणारं कुणी नव्हतं, इतकंच.

उंबरठा
लिहिणारा एकटा होता म्हणून तो खोटं लिहीत होता, हे कुठलं तर्कशास्त्र? स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना बेट आहे. तिथला मठ ७९५मध्ये लुटला, ८०२मध्ये जाळला, ८०६मध्ये ६८ माणसं मारली. पुढच्या वर्षी तिथल्या भिक्षूंनी आयर्लंडमध्ये केल्सला नवा मठ बांधायला घेतला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नुआरमूतिएचे भिक्षू ८३६मध्ये आपल्या संत फिलिबेरच्या अस्थी उचलून निघाले. एका ठिकाणी टेकले, तिथेही धोका आला, पुन्हा बिऱ्हाड पाठीवर. शेवटी पार आत बर्गंडीत, तूर्न्यूला पोचले ते ८७५मध्ये. नुसती बदनामी करायची म्हणून कुणी ४० वर्षं हाडं घेऊन वणवण करत नाही हो.

चहाटळ
अभ्यासकांच्या बाजूने एक भर. आयर्लंडमध्ये मठ लुटायला वायकिंगांची वाट कुणी पाहत नव्हतं. ७६४मध्ये क्लॉनमकनॉइस आणि डरो या दोन मठांचीच आपसात लढाई जुंपली, डरोची २०० माणसं पडली. दक्षिण आयर्लंडातल्या मन्स्टरचा राजा फेलिमी तर स्वतः धार्मिक म्हणून नावाजलेला. त्याने ८३३मध्ये क्लॉनमकनॉइसची माणसं मारली आणि मठाच्या जमिनी चर्चच्या दारापर्यंत जाळत नेल्या. भक्तीही जोरात, जाळपोळही जोरात.

उंबरठा
@चहाटळ, आणि हे तुम्हाला कळलं कुठून? आयरिश मठांतल्या वार्षिक नोंदींतूनच ना? व्हर्डनचा ४,५००चा आकडाही फ्रँक दरबाराच्या स्वतःच्या बखरीतला. म्हणजे आपल्याच लोकांची पापं भिक्षूंनी तारीखवार लिहून ठेवली. लेखणी इतकी पक्षपाती असती तर तुमचा अर्धा पुरावा आज हाताशीच नसता.

अडाणी_अभ्यासक
मुद्दा लागला. पण सूर बघा ना. फेलिमीची नोंद दोन ओळींत उरकते. लिंडिसफार्नवर मात्र ब्रिटनमध्ये असं भयंकर कधी घडलंच नव्हतं, अशी पत्रं जातात.

टाइनकाठचा
मी न्यूकॅसलला राहतो, लिंडिसफार्नला दोनदा जाऊन आलोय. भरतीला रस्ता पाण्याखाली जातो, त्यामुळे वेळापत्रक बघूनच गाडी घालायची (तरी दरवर्षी कुणीतरी छपरावर बसलेलं सापडतंच). तिथे ९व्या शतकातला एक कोरीव दगड आहे, थडग्यावरचा. हातभर उंचीसुद्धा नसेल. एका बाजूला सात माणसं ओळीने चाललेली, शस्त्रं उगारलेली. दुसऱ्या बाजूला क्रूस, वर सूर्य-चंद्र. माणसांना चेहरे जवळपास नाहीतच. वायकिंग आहेत की कयामतीच्या दिवसाचं चित्र आहे, यावर वाद आहेत. मला तो दगड पत्रांपेक्षा खरा वाटतो.

पत्रांचं म्हणाल तर ती अल्क्विनची. हा यॉर्कचा विद्वान, शार्लमेनच्या पदरी होता. त्याने नॉर्थंब्रियाच्या (लिंडिसफार्न ज्या राज्यात होतं, त्या) राजाला झापलंय: तुमचे लोक केस आणि दाढीसुद्धा त्या मूर्तिपूजकांसारखी राखतात! म्हणजे हल्ल्याआधी ओळखदेख होती, फॅशन उचलण्याइतकी. त्याच्या लेखी वायकिंग हा देवाने उगारलेला कोरडा, खरा गुन्हेगार आपला राजा आणि आपले भिक्षू. आणि हाच अल्क्विन ७९६मध्ये शार्लमेनलाही सांगतो की नव्याने बाटवलेल्यांवर लगेच दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला) लादू नका. त्यामुळे 'चर्च' म्हणजे एकच तोंड समजू नका, दोघंही.

कागदकाम
कुऱ्हाडीपेक्षा मला हिशेब जास्त बोलका वाटतो. ८४५मध्ये पॅरिसवरून माघारी जायला वायकिंगांनी ७,००० पौंड चांदी घेतली. त्याहून छोटा, पण लख्ख पुरावा एका सुवर्णाक्षरी बायबल-पोथीत आहे. पानाच्या वरच्या आणि खालच्या कोऱ्या जागेत जुन्या इंग्रजीत मजकूर घातलाय: मी आल्फ्रेड (हा सरदार, राजा आल्फ्रेड नव्हे) आणि माझी बायको वेरबुर्ग, आम्ही शुद्ध सोनं मोजून ही पोथी मूर्तिपूजक सैन्याकडून सोडवली. मग ती कँटरबरीच्या चर्चला दिली, दर महिन्याला आमच्या आत्म्यांसाठी वाचावी म्हणून. बाजूला तिघांची नावं, तिसरं मुलीचं. पुस्तक विकलं जातं हे लुटारूंना पक्कं ठाऊक होतं. १६९०मध्ये एका स्वीडिश माणसाने ती माद्रिदला विकत घेतली. आज कुठे आहे? स्टॉकहोमला!

उंबरठा
याला हिशेब म्हणता? ही खंडणी. पोथीला सोनं मिळालं. सोनं न मिळालेली माणसं गुलामांच्या बाजारात गेली. डब्लिन त्यावरच तर फोफावलं. त्यांच्यासाठी समासात कुणी ओळ लिहिली नाही.

अडाणी_अभ्यासक
गुलामांचं मान्य, तिथे बचाव नाही. पण मग हे कसं बसवणार? ८७८मध्ये इंग्लंडमध्ये एडिंग्टनला वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने वायकिंगांचा पुढारी गुथ्रम याला हरवलं. गुथ्रम ३० साथीदारांसह बाप्तिस्म्याला आला, आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला, १२ दिवस पाहुणचार. पुढे गुथ्रमने नाणी पाडली ती एथेलस्टन या नव्या नावाने.

कागदकाम
त्याहून पुढचं नाणं बघा. पूर्व इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड याला डेनांच्या (डेन्मार्ककडच्या वायकिंगांच्या) सैन्याने ८६९मध्ये मारलं. ३० वर्षंही झाली नाहीत, आणि डेनांच्याच राज्यात चांदीची नाणी निघाली. त्यांवर नाव कुणाचं, तर 'संत एडमंड राजा'. अक्षरं मात्र कित्येक नाण्यांवर चुकलेली.

चहाटळ
म्हणजे ज्याला मारलं त्याच्याच नावाने रोजचा बाजार. अभ्यासक, ही नाणी पाडली डेनांनी. भिक्षूंनी नव्हे.