डिस्क इमेज 'व्हेरिफाय' झाली म्हणजे ती परत चढेलच का?

प्रश्न
कार्यालयात विंडोज ११ प्रोचे पाच लॅपटॉप आहेत. प्रत्येकात ५१२ जीबीची एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी), त्यातली १८० जीबीच्या आसपास भरलेली, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) चालू. डिस्क इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची बॅकअप प्रत, घेणाऱ्या मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती बंद झाली, त्यामुळे आता क्लोनझिला घ्यावं की वीम एजंट? इमेज यूएसबी हार्ड डिस्कवर ठेवणार. प्रोग्रॅमने व्हेरिफाय करून हिरवी खूण दाखवली तर तेवढं पुरे का?

प्रतिसाद १
बिटलॉकर आहे, तर वीम एजंट. क्लोनझिला पेनड्राइव्हवरून सुरू होतं, त्याला कुलूपबंद पार्टिशनच्या आतलं काही दिसत नाही. मग ते भरलेलं-रिकामं न पाहता सगळे सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) उचलतं, आणि एन्क्रिप्ट केलेला डेटा दाबून लहान होत नाही. म्हणजे १८० जीबीसाठी जवळजवळ पूर्ण डिस्कएवढी इमेज. वीम चालू विंडोजमधून स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतं, त्यामुळे भरलेला भागच येतो. पण ती इमेज उघडी, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेली, असते! जॉबमध्ये एन्क्रिप्शनचा पासवर्ड घालाच, आणि रिस्टोअरनंतर बिटलॉकर पुन्हा चालू करा. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर, लॅपटॉपपासून वेगळी ठेवा.

बिटलॉकर नसलेल्या मशीनवर क्लोनझिला उत्तम. फक्त आधी शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि पार्टिशन वाचताना अडतं.

प्रतिसाद २
व्हेरिफाय पुरेसं नाही. लिहिलेली इमेज नंतर बिघडली नाही, एवढंच त्यातून कळतं. मशीन सुरू होईल की नाही, हे कळत नाही.

खरी चाचणी अशी: मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा, सुटी एनव्हीएमई बसवा, बॅकअप प्रोग्रॅममधून बनवलेल्या रिकव्हरी पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, इमेज चढवा, विंडोज उघडा. सुटी डिस्क ५१२ जीबी किंवा मोठीच घ्या. क्लोनझिला ५०० जीबीच्या डिस्कवर नेहमीच्या पद्धतीने रिस्टोअर करत नाही. इमेज घेताना ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा छोटा भाग) सुटलं असेल तर फाइली सगळ्या येतील, पण मशीन सुरू होणार नाही. म्हणून 'फक्त सी ड्राइव्ह' नको, पूर्ण डिस्क निवडा. मूळ आणि नवी डिस्क एकाच वेळी जोडू नका, दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं.

सर्वांत जास्त घोळ इथे होतो: अकराव्या पिढीच्या आणि पुढच्या इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळणारी इंटेलची सोय) चालू असेल तर पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर आतली डिस्कच दिसत नाही. पेनड्राइव्ह बनवतानाच त्यासाठीचा इंटेल आरएसटी हा ड्रायव्हर त्यात घाला. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून सोडवायला जाऊ नका, त्याने आधीचं चालतं विंडोजही निळा पडदा दाखवू शकतं.

प्रश्नकर्ता
सुटी डिस्क सध्या नाही. हायपर-व्हीमध्ये (विंडोजमधल्या आभासी मशीनमध्ये) चाचणी चालेल?

प्रतिसाद ३
इमेजची चाचणी होईल. 'जनरेशन २' प्रकारचं आभासी मशीन करा, ५१२ जीबीची डायनॅमिक (गरजेनुसार वाढणारी) डिस्क द्या, रिकव्हरी आयएसओवरून (पेनड्राइव्हऐवजी वापरायची फाइल) सुरू करा, इमेज नेटवर्क शेअरवरून ओढा. पण लॅपटॉपच्या पेनड्राइव्हला खरी डिस्क दिसते का, हे त्यातून कळत नाही. ते पाचही लॅपटॉपवर वेगळं पाहा: रिकव्हरीत जा, आतली डिस्क आणि यूएसबी डिस्क दोन्ही यादीत दिसल्या की काही न लिहिता बाहेर पडा. दहा मिनिटांचं काम आहे.

टॅली (हिशेबाचा प्रोग्रॅम) असेल तर इमेजच्या वेळी बंद ठेवा, आणि त्याचा डेटा फोल्डर रोज वेगळा कॉपी करा. मागच्या शुक्रवारची इमेज त्यानंतरच्या गुरुवारच्या नोंदी परत देणार नाही.