मासिकातल्या लेखाचा संदर्भ: महिना, अंक, पान लिहायलाच हवं का?

कृष्णाकाठ (धागा सुरू करणारी)

सांगलीत मराठी शिकवते, एम.ए.च्या मुलांचे लघुप्रबंध तपासते. यंदा एका मुलीने किर्लोस्करवाडीच्या मासिकांवर काम केलं. 'किर्लोस्कर खबर' १९२० चं, 'स्त्री' १९३० चं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला ठेवा. पोरीने मन लावून लिहिलंय. पण संदर्भसूचीत सोळा ठिकाणी एकच ओळ: 'स्त्री मासिक, १९३६'. लेखिका कोण, लेख कुठला, महिना कुठला, पान किती, काही नाही. मासिकाचे वर्षाला बारा अंक. ताळा घ्यायचा तर बाराही चाळायचे?

मी प्रबंध परत दिला. ती रडवेली झाली आणि स्टाफरूममध्ये मलाच ऐकावं लागलं की एवढं कशाला ताणता. माझं म्हणणं ठाम आहे. लेखकाचं नाव, लेखाचं शीर्षक, मासिकाचं नाव, महिना आणि वर्ष, अंक क्रमांक, पानं. अंकावर जे जे छापलंय ते सूचीत आलंच पाहिजे. ज्याने लिहिलं त्याचं नाव गाळून आपण त्याचं वाक्य वापरतो, हे मला पटत नाही.

मिरजेचा

मॅडम, असहमत. तुम्ही म्हणता ते नियम तरी एक आहेत का? एपीए, शिकागो, एमएलए या संदर्भ लिहिण्याच्या प्रचलित शैलीच घ्या. एपीएला पूर्ण तारीख हवी आणि असेल तर खंड-अंकही हवा. शिकागोवाले म्हणतात, मासिकाला तारीख पुरे, खंड क्रमांक नको. एमएलए मासिकाला बहुधा तारखेवरच भागवतं. ज्यांनी नियम केले त्यांचंच जमत नाही, आणि आपण आटपाडीहून एसटीने येणाऱ्या पोराचे मार्क कापायचे?

त्यात दिवाळी अंक घ्या. महिना ऑक्टोबर की नोव्हेंबर, अंकावर नुसतं 'दिवाळी'. लेख पान ४० ला सुरू, मधे जाहिराती, उरलेला पान १८७ वर. लिहायचं काय? मुलाने विचार काय मांडलाय ते बघा. स्वल्पविराम मोजत बसू नका.

विट्याची ग्रंथपाल

दिवाळी अंकाचं उत्तर सोपं आहे, सर. 'दिवाळी १९८४' एवढंच लिहायचं, एमएलएला महिन्याऐवजी ऋतू चालतो, तसंच हे. तुटक पानांसाठी पहिलं पान आणि पुढे अधिकचं चिन्ह. एपीएत दोन्ही तुकडे स्वल्पविरामाने द्यायचे.

खरी अडचण वेगळीच आहे, ती कपाटापाशी येऊन बघावी लागते. जुने अंक बांधताना आमच्याकडे मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकत. महिना बऱ्याचदा मुखपृष्ठावरच छापलेला. आता जाडजूड बांधीव खंड हातात घेतला की आत फक्त 'वर्ष ७, अंक ४' सापडतं. मुलं विचारतात, बाई, महिना कुठाय? अशा वेळी तोच निरुपयोगी वाटणारा अंक क्रमांक कामाला येतो. मात्र मासिकाचं वर्ष जानेवारीपासूनच सुरू होतं असं धरून मोजू नका. 'स्त्री'चा पहिला अंकच ऑगस्टचा. महिना छापलेला एखादा शेजारचा अंक शोधायचा, त्यावरून मोजायचं, आणि आपण काढलेला महिना चौकटी कंसात टाकायचा. छापलेलं आणि अनुमानाने काढलेलं वेगळं दिसलं पाहिजे.

शक छापलेला असेल तर इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवा. पौषाच्या पुढे बहुधा ७९.

वाईकर

मी 'नवभारत'चे जुने अंक वाचत वाढलो, इथे वाईतच निघणारं मासिक. कृष्णाकाठताई, तुमची कळकळ समजते, पण सक्तीने उलटंच होतं. पूर्ण संदर्भ नाही तर प्रबंध परत, असं म्हटलं की पोरं दुसऱ्याच्या प्रबंधातली ओळ उचलतात. महिना, पान, सगळं व्यवस्थित. अंक मात्र कधी हातात घेतलेला नसतो. मूळ ओळीत पान चुकलेलं असेल तर ते पुढच्या दहा प्रबंधांत तसंच जातं.

सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध बघा. 'किर्लोस्कर'मध्ये आले ते १९३० च्या दशकात, पुस्तक नंतरचं. मुलगा वाचतो पुस्तक आणि सूचीत टाकतो मासिक, कारण ते भारदस्त दिसतं. त्यापेक्षा 'स्त्री, १९३६' ही अपुरी ओळ मला जास्त प्रामाणिक वाटते.

मिरजेचा

वाईकर सर, लाख बोललात.

कृष्णाकाठ

सर, उसनवारीचं तुमचं म्हणणं मान्य. जे वाचलं त्याचाच संदर्भ, पुस्तक वाचलं तर पुस्तकाचा. पण अपुरी ओळ प्रामाणिक असते हे नाही पटलं. का ते सांगते.

ती मुलगी परत ग्रंथालयात जाऊन बसली. आठ दिवसांत सोळापैकी तेरा नोंदी पूर्ण करून आणल्या. त्यातली एक शोधताना तिच्याच लक्षात आलं की जो मजकूर तिने 'संपादकीय भूमिका' म्हणून प्रकरणभर वापरला होता, ते वाचकाचं पत्र होतं. पानाच्या माथ्यावर पत्रव्यवहाराचं सदर छापलेलं. वहीत टिपताना तिने नुसतं 'स्त्री, १९३६' लिहिलं होतं, पुढे विसरली. आता ते प्रकरण ती नव्याने लिहितेय. पान क्रमांक मागितला नसता तर तिलाही कळलं नसतं आणि मलाही.

मिरजेच्या सरांचं एक घेते. शैली कुठलीही चालेल, एकच शेवटपर्यंत पाळा. आणि दर लेखाच्या पहिल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, जिथे ग्रंथालय काढू देतं तिथे. विट्याच्या ताई, तुमच्याकडे देतात का? उरलेल्या तीन नोंदींसाठी तिला पाठवते.

विट्याची ग्रंथपाल

देतो, फ्लॅश बंद ठेवून. दुपारी अकरा ते पाच. खंड जुने आहेत, शिवण उसवलीय, तिला म्हणावं पूर्ण उघडून दाबू नकोस.

मिरजेचा

सक्तीला माझा विरोध कायम. पण त्या पत्राची गोष्ट माझ्या मुलांना सांगणार.